तुंगनाथच्या वाटेवरील बुरांस

केदारनाथाचे दर्शन घेऊन बदरीनाथाकडे निघालेल्या यात्रेकरूंपुढे दोन रस्ते असतात. एक रुद्रप्रयागला परत उतरून अलकनंदेच्या काठाने जाणारा. दुसरा ऊखीमठहून चढणारा, चोपता, मंडल, गोपेश्वर असा डोंगर ओलांडून चमोलीच्या बाजूला उतरणारा. आपल्याकडची मंडळी वेळ वाचतो म्हणून दुसऱ्या रस्त्याने जातात. प्रवासी कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत या रस्त्याचे वर्णन ‘वाटेत चोपता येथे चहा’ एवढ्यावर आटोपलेले असते. चहा वाईट नसतो. परंतु या रस्त्यावर चहाखेरीज आणखी एक वस्तू पाहण्यासारखी आहे, आणि तिला तिकीट पडत नाही. ती म्हणजे बुरांसाचे झाड.

आम्ही हा प्रवास वैशाखाच्या सुरुवातीला केला. गढवालच्या राजांची जुनी राजधानी श्रीनगर, तिथून निघालो. (काश्मीरच्या श्रीनगराशी याचा नावापलीकडे संबंध नाही. १८९४ साली गोहना तळ्याचा बांध फुटला आणि जुने गाव अलकनंदेने धुऊन नेले. आजचे श्रीनगर त्यानंतरचे.) श्रीनगर समुद्रसपाटीपासून अवघ्या साडेअठराशे फुटांवर आहे. सकाळी आठ वाजता तिथे अंगाला घाम होता. चोपता पावणेनऊ हजार फुटांवर. हजार फूट चढले की हवा सुमारे दोन अंशांनी थंड होते, या हिशेबाने शंभरएक किलोमीटरांच्या प्रवासात आपण चौदा अंश खाली येतो. सौभाग्यवतींनी शाल हाताशी ठेवली होती. मी ठेवली नव्हती, आणि त्यावर गाडीत जी चर्चा झाली ती येथे देण्याचे कारण नाही.

चढणीवर झाडे बदलत जातात. आधी चीड. तीन तीन लांब सुया एकेका जुडग्यात, सरळसोट खोड, आणि खाली वाळलेल्या सुयांचा निसरडा गालिचा. त्याला तिकडे पिरूल म्हणतात, आणि उन्हाळ्यात ठिणगी पडली की तेच पेटते. मग बांज, म्हणजे हिमालयातला ओक. पाने वरून हिरवी, खालून पांढुरकी. वारा आला की सगळे रान एकदम रंग बदलते. बांजाच्या रानात जमीन ओलसर, झरे जिवंत. त्याच्याही वर मोरू, खरसू. ही चढती भाजणी शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी पाठ केलेली आहे: अमुक उंचीवर अमुक झाड. पण बुरांस या शिस्तीत बसत नाही. तो पाच हजार फुटांच्या आसपास बांजाच्या सोबतीला येतो आणि दहा हजारांच्या पुढे जाईपर्यंत साथ सोडत नाही. एवढ्या उंचीत बाकीची झाडे आपले बिऱ्हाड आवरून दुसऱ्याला जागा करून देतात. हा तेवढा राहतो.

आमचा गाडीवान ऊखीमठकडचा, पन्नाशीचा. त्याला आम्ही तिकडच्या रीतीने ‘भैजी’ म्हणत होतो. त्याने ऊखीमठच्या जरा वर गाडी थांबवून एक झाड दाखवले. फूल एकही नव्हते. नुसती हिरवी बोंडे. “इथला बुरांस केव्हाच संपला,” तो म्हणाला. पुढे दुगलबिट्ट्याला रस्त्यावर लाल पाकळ्यांचा सडा पडलेला. चोपत्याला झाडे रक्तासारख्या लाल झुबक्यांनी भरलेली. आणि दुसऱ्या दिवशी तुंगनाथची पायवाट चढू लागलो तेव्हा तो लाल रंग हळूहळू फिका होत गेला. आधी गुलबक्षी, मग गुलाबी, आणि वरच्या एका वळणावर तर इतका फिका की दुधात कुंकवाचे बोट बुडवावे. झाडही आता उंच राहिले नव्हते. खाली तीस फूट, इथे मी हात वर केला तर शेंडा लागावा एवढे.

“एकच झाड ना हे?” सौभाग्यवतींनी विचारले.

“एकच, दीदी. खालचा तो खालचा बुरांस, वरचा तो वरचा,” भैजी म्हणाला. हे उत्तर ऐकून आम्ही हसलो. पण वनस्पतिशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत या बाबतीत जे शोधून काढले आहे, ते या उत्तरापेक्षा फार वेगळे नाही.

प्रश्न असा आहे. हा फरक जागेचा की वंशाचा? कोकणातला हापूस आपल्या ओळखीचा आहे. त्याचे कलम रत्नागिरीहून दुसरीकडे नेऊन लावले की झाड तेच असते, कारण कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी. तरी चव जाते. तो जागेचा गुण. तसेच बुरांसाचे असेल काय? थंडीने आखडून तो ठेंगणा झाला आणि फिका पडला, एवढेच असेल काय? नुसते पाहून हे सांगता येत नाही. त्याला एकच उपाय: खालचे बी आणि वरचे बी एकाच जमिनीत, एकाच हवेत शेजारी शेजारी लावायचे आणि वाट पाहायची. फरक नाहीसा झाला तर तो जागेचा होता. टिकला तर तो बियांतून आला.

मौज अशी की बुरांसाच्या बाबतीत हा प्रयोग कोणी ठरवून करण्यापूर्वीच इंग्लंडच्या बागाइतदारांनी नकळत करून टाकला. १७९६ साली बंगाल तोफखान्यातला कॅप्टन थॉमस हार्डविक हरिद्वारकडून या श्रीनगरला आला होता. डोंगरात त्याने हे लाल फुलांचे झाड पाहिले आणि नोंदवले. पुढे बी विलायतेला गेले. १८२५ मध्ये हॅम्पशायरमध्ये त्याला पहिल्यांदा फुले आली तेव्हा तिकडच्या बड्या घरांतून बुरांसाचे वेड लागले. पण लवकरच माळ्यांच्या ध्यानात आले की सगळे बुरांस सारखे नाहीत. खालच्या उंचीवरचे लालभडक झाड तिकडच्या कडाक्याच्या हिवाळ्यात मरे. कॉर्नवॉलसारख्या उबदार किनाऱ्यावर तेवढे तगे. वरच्या उंचीवरच्या बियांपासून झालेली गुलाबी-पांढरी झाडे मात्र तीच थंडी मुकाट्याने सोसत. आणि रंग? इंग्लंडच्या सपाट जमिनीवर आल्यावरही तो गुलाबीचा लाल झाला नाही. म्हणजे तुंगनाथची उंची त्या बियांत होती. ती सोबत घेऊन ते बी समुद्रपार गेले होते.

उंची बियांत कशी जाते, हे समजायला अवघड नाही. डोंगरावर हिवाळा लांब आणि उन्हाळा आखूड. खालच्या झाडाचा फायदा यात की लवकर पालवावे, उशिरापर्यंत वाढावे, शेजाऱ्याच्या डोक्यावरून ऊन गाठावे. वरच्या झाडाने असे केले तर वैशाखातल्या शेवटच्या हिमात त्याची कोवळी पालवी जळून जाईल. म्हणून वर तीच रोपे जगतात जी उशिरा जागी होतात आणि लवकर मिटतात. दरवर्षी हजारो रोपे उगवतात आणि बहुतेक मरतात. उरतात ती त्या उंचीला मानवणारी. शेकडो पिढ्या हीच चाळणी चालली की त्या उंचीचे झाड त्या उंचीचे होते. ते सावकाश वाढते. आळशी असते म्हणून नव्हे; सावध असते म्हणून.

पण मग वाचकांच्या मनात शंका येईल, आमच्याही आली: तुंगनाथ आणि दुगलबिट्टा यांत अंतर ते किती? वाऱ्याने, मधमाशीने परागकण वरखाली जाणारच. मिसळ होऊन सगळे सारखे का होत नाही? याचे एक उत्तर रस्त्यावरच पडले होते. खालचा बुरांस फाल्गुनात फुलतो, वरचा वैशाखात. खालच्याची बोंडे धरली तेव्हा वरच्याच्या कळ्या मिटलेल्या. मध्ये भिंत नाही, दरी नाही. पंचांग आड येते. शेजारच्या उंचीशी सोयरीक होते, दोन हजार फुटांवरच्याशी क्वचित. शिंजीर आणि बुलबुल मधासाठी येतात तेही जिथे फुले आहेत तिथेच फिरतात.

ही सोयरीक पुरती तुटत नाही, हेही बरेच आहे. मधल्या उंचीवरच्या रानाला खालूनही थोडे मिळते, वरूनही थोडे. ओसावा आणि इदे या दोन जपानी शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये जगभरच्या डोंगरांवरचे असे अभ्यास गोळा करून ताडून पाहिले. सगळीकडे एकच नियम लागत नाही; पण जो नमुना पुन्हा पुन्हा दिसला तो हा की मधल्या उंचीवर विविधता अधिक, पायथ्याशी आणि माथ्याशी कमी.

‘विविधता’ हा शब्द हल्ली भाषणांतून फार झिजला आहे, म्हणून थोडे सांगतो. चीड किंवा देवदार यांसारख्या वाऱ्यावर परागकण सोडणाऱ्या वृक्षांची तपासणी केली, तर त्या जातीत जेवढे आनुवंशिक वेगळेपण आहे त्यातले बहुधा नव्वद टक्क्यांहून अधिक एकाच रानात सापडते. दोन रानांमधला फरक थोडा. ऐकून वाटते, मग उंचीचे एवढे कौतुक कशाला? पण आपल्या घरातला मिसळणाचा डबा आठवावा. मालवणच्या घरात आणि अमरावतीच्या घरात डब्यांत वस्तू जवळजवळ त्याच: हळद, तिखट, मोहरी, जिरे. प्रमाण वेगळे, म्हणून रस्सा वेगळा. वृक्षांचेही तसेच. थंडी सोसण्याचे, पालवी फुटण्याचे गुण अनेक लहान लहान घटकांवर अवलंबून असतात. ते घटक सगळ्या रानांत आहेत. उंचीनुसार त्यांचे प्रमाण बदलते. आणि डब्यात काही वस्तू रोज लागत नसल्या तरी असाव्यात, कारण कधी काय करावे लागेल सांगता येत नाही.

या प्रमाणात माणूस हात घालतो तेव्हा काय होते, हे शेजारच्या कुमाऊंतल्या चिडीने दाखवून दिले आहे. तिथे काही भागांत चिडीचे खोड पिळलेले असते; धुणे पिळावे तसा लाकडाचा धागा फिरलेला. अशा लाकडाची फळी निघत नाही, निघाली तर वाकते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हॅरी चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने या पिळाचा पिच्छा पुरवला. (वाघांचे फोटो काढणारा चॅम्पियन तो हा नव्हे, तो याचा भाऊ. एका भावाने रात्री वाघांची वाट पाहिली, दुसऱ्याने वर्षानुवर्षे रोपांची. दोघांच्या चिकाटीत डावे-उजवे करणे कठीण आहे.) पिळाच्या झाडाचे बी लावले तर रोपांतही पीळ येतो, असे त्याने दाखवले. तो दोष जमिनीचा नव्हता, वंशाचा होता. मग वस्तीजवळच अशी झाडे जास्त का? जाणकारांनी केलेला तर्क विचार करायला लावणारा आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी घरासाठी सरळ झाडे तोडली आणि वाकडी सोडून दिली. बी टाकायला उरली ती वाकडीच. बाजारात निवडून भाजी घेणारा माणूस टोपलीत काय उरते ते पाहत नाही. रानात मात्र पुढचे पीक त्या उरलेल्यातूनच येते.

१९३३ साली याच चॅम्पियनने, वनशेतीत बी कोठून आणले याला किती महत्त्व आहे, यावर एक स्वतंत्र प्रबंध लिहिला. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेच्या मालिकेत तो निघाला. शंभरी गाठत आलेली ही गोष्ट आहे.

उंचीचा सर्वांत नेटका प्रयोग मात्र कॅलिफोर्नियात झाला. तिथे प्लासरव्हिल नावाच्या गावी जेम्स एडी या लाकडाच्या व्यापाऱ्याने १९२५ मध्ये वृक्षपैदाशीचे केंद्र काढले. (तोडणाऱ्यानेच लावण्याचे केंद्र काढावे, ही अमेरिकेतली गंमत.) तिथल्या लोकांनी सिएरा नेवाडाच्या उतारावर पायथ्यापासून वरपर्यंत पाँडेरोसा पाइनचे बी उंचीवार गोळा केले, आणि १९३८ मध्ये त्याची रोपे तीन वेगवेगळ्या उंचींवर लावली: सुमारे एक हजार फूट, पावणेतीन हजार फूट आणि साडेपाच हजारांच्या वर. मग वाट पाहिली. एकोणतीस वर्षांनंतरची मापे १९७३ साली प्रसिद्ध झाली. मधल्या उंचीचे बी बहुतेक ठिकाणी जोमदार निघाले. वरच्या बागेत खालच्या बियांची झाडे हिमाने आणि वाऱ्याने मोडली. वरच्या बियांची झाडे सुरुवातीला मागे होती; पण वर्षे गेली तशी वरच्या बागेत ती अंतर कमी करू लागली. पाच वर्षांनी निकाल लावला असता तर तो वेगळा लागला असता. वृक्षांच्या शाळेत परीक्षा तिशीत होते.

तुंगनाथाचे देऊळ बारा हजार फुटांच्या आसपास आहे. पंचकेदारांतला हा तिसरा. देवळापाशी झाड नाही. गवत, दगड, त्यांत कुठे जांभळट फुलांची झुडपे. ती बुरांसाचीच, पण वेगळी, चुलत जात. वर चंद्रशिला, आणि त्याच्या वर आकाश. आम्ही घंटा वाजवून पायरीवर बसलो, तेव्हा मनात आले की हवा तापत चालली आहे, खालची झाडे एकेक पायरी वर सरकतील. परंतु इथल्या झाडाने कुठे सरकावे?

असा अडकलेला बुरांस आपल्या देशात आधीच आहे. उटीला गेलेल्यांनी तो पाहिलाही असेल, नाव न विचारता. नीलगिरीच्या माथ्यावर, साडेसहा-सात हजार फुटांवर, लाल फुलांचा. हिमालयापासून दोन हजार किलोमीटर दूर. मध्ये आपला सह्याद्री आहे, पण महाबळेश्वर साडेचार हजार फूट. तेवढ्याने त्याचे भागत नाही, आणि महाराष्ट्रात तो नाही. शास्त्रज्ञ असे मानतात की हिमयुगात हवा थंड होती तेव्हा ही मंडळी दक्षिणेपर्यंत पसरली, आणि पुढे ऊब आली तशी डोंगरमाथ्यावर चढून बसली. खालची सगळी गेली. नीलगिरीवरच्यांना माथा मिळाला म्हणून ती वाचली. मात्र ते बदल हजारो वर्षांचे होते. आताचा बदल एकाच झाडाच्या आयुष्यातला आहे.

तो दिसू लागला आहे. गढवाल-कुमाऊंत चैत्र संक्रांतीला, मार्चच्या मध्यावर, फुलदेई नावाचा मुलांचा सण असतो. पहाटे मुले रानातून फुले आणतात, पिवळी फ्योंली आणि लाल बुरांस, आणि गावातल्या प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर वाहतात. घरधनीण त्यांना तांदूळ, गूळ देते. सूर्याच्या गतीने ठरणारा सण. तो हलत नाही. फूल हलते. १८९३ पासूनचे वाळवून ठेवलेले नमुने आणि अलीकडची प्रत्यक्ष निरीक्षणे एकत्र करून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मध्य हिमालयातल्या बुरांसाची फुलण्याची वेळ शंभर वर्षांत जवळजवळ तीन महिने अलीकडे आल्याचे अनुमान आहे. भैजीच्या धाकट्या मुलीने गेल्या फुलदेईला खालच्या रानात फूल मिळेना म्हणून दोन तास चढून वरच्या रानातून टोपली भरली. वरचे रान होते म्हणून तिला फूल मिळाले.

चोपत्याहून पलीकडे उतरलो की मंडल. १९७३ च्या एप्रिलमध्ये चिपको आंदोलनाची पहिली ठिणगी इथे पडली. भांडण अंगूच्या झाडांचे होते. हे चिवट, हलके लाकूड. डोंगरातले लोक त्याची शेतीची अवजारे करीत. त्यांना झाड नाकारून ते खेळाचे साहित्य करणाऱ्या कंपनीला दिले गेले, आणि चंडीप्रसाद भट्टांच्या सहकाऱ्यांनी व गावकऱ्यांनी तोडणाऱ्यांना रिकाम्या हाताने परत पाठवले. गावकऱ्यांनी झाडे वाचवली, ती आपल्या उंचीवरची, आपल्या उपयोगाची. बी कोणते, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नव्हता. तो आता पुढे येतो, कारण तोडण्यापेक्षा लावण्याची धामधूम आता अधिक आहे. आणि बी गोळा करणाऱ्याला सोयीचे झाड म्हणजे रस्त्याकडेचे, खालचे.

उतारावर एका वळणाला रोपवाटिका लागली. गाडीतून उतरून आम्ही आत गेलो. काळ्या पिशव्यांत बांजाची हजारभर रोपे, वीतभर उंचीची. राखणदार म्हातारा गवत उपटत होता. रोपांच्या दोन ओळींमध्ये त्याने दगड मांडून ठेवले होते. मी कारण विचारले.

“ही खालच्या गावाकडची, ही वरच्या धारेवरची,” तो म्हणाला. “खालची लवकर वाढतात, बाबूजी. दिसायलाही बरी. पण वर लावली की पहिल्याच हिमात बसतात. म्हणून वेगळी ठेवतो.”

“पिशव्यांवर तसे लिहिले आहे का?”

“लिहायचे कोणी? मला ठाऊक आहे.”

“मग ट्रकमध्येही वेगळीच भरता?”

त्याने हातातले गवत बाजूला टाकले. भरायला दुसरी माणसे येतात, असे म्हणाला. ती मोजून भरतात, पाहून नाही. गेल्या साली त्याने वरच्या रोपांना लाल दोरा बांधून पाहिला होता. यंदाही बांधणार होता. ट्रक आषाढात येतो, पहिला पाऊस झाला की; अजून दोन महिने होते, आणि दोरा आणायला त्याला गोपेश्वरला जायचे होते. भैजीने त्याला गाडीत घेतले.